बोळातली खिडकी

माझ्या बापाविषयी बोलणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते, तोंडं वाकडी करू नका. बाप माझा आहे, त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. आणि ही गोष्ट तशी त्याची नाहीच. ही कमलबाईची गोष्ट. कमलबाई म्हणजे माझी चुलती, आण्णांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही तिला मोठीमाय म्हणतो. गाव तिला उदवाली म्हणतं, कुणी तोंडावर, कुणी माघारी. तिला दोन्ही चालतं.

नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. ऊन तापायला लागलं की मोठीमायला आसपासच्या गावांतून बोलावणी येतात. बचत गटातल्या बायकांना कुठल्याशा संस्थेनं एकदा शिकवलं होतं, पत्र्याच्या घरातला ताप कसा कमी करायचा, घरात वारं कसं खेळवायचं. बाकीच्या बायका चहा-बिस्किट खाऊन घरी गेल्या. मोठीमायनं मात्र ते घट्ट धरून ठेवलं. का धरलं, ते पुढं येईलच.

ती भर दुपारीच जाते, ऊन डोक्यावर असताना. हातात खापरी, खापरीत निखारा, निखाऱ्यावर चिमूटभर ऊद. घरात शिरली की कुणाशी बोलत नाही. धूर उंबऱ्यापाशी धरते, खिडकीपाशी धरते, पत्र्याखालच्या कोपऱ्यात धरते आणि नुसती बघत उभी राहते. धूर वाकला तर घरात वारं आहे. सरळ वर जाऊन पत्र्याखाली साचला तर नाही. मग पालथा हात भिंतीला लावते, आणि त्यानंतर तोंड सोडते. एका सरपंचाच्या नव्या बैठकीत उभी राहून म्हणाली, "हितं माणसं कशाला बसवताव? पापड वाळवा की." लोकांना राग येतो, पण ऐकतात. पत्र्याखाली तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर बांधायचा, वरून पांढरा चुना मारायचा, समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके पाडायचे, एक खाली, एक पत्र्याला लागून. एवढं केलं की घरात बसवतं, हे गावोगाव लोकांनी बघितलंय.

आमच्याकडं पूर्वी सगळी माळवदं होती, लाकडावर मातीचा जाड थर दिलेली घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. माळवदाला सानं असायचं, म्हणजे उजेड आत यावा आणि चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून छताला ठेवलेलं भोक. मग भूकंप झाला. डोक्यावरच्या मातीची लोकांनी अशी धास्ती घेतली, की ज्यांची घरं पडली नव्हती त्यांनीही माळवदं उतरवून पत्रे टाकले. मातीबरोबर सानंही गेलं. ते पुन्हा ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मोठीमायनं गावातलं एकूण एक घर तपासलं. दोन सोडून. एक आमचं, कारण आमच्या उंबऱ्यावर ती थुंकायलाही येत नव्हती. आणि दुसरं तिचं स्वतःचं. तिच्या पत्र्याखाली आजही तुराटीची काडी नाही. म्हणायची, "हिंमत्यानं जसं केलंय तसंच राहू द्या माझं घर. लोकांनी येऊन बघावं." हिंमत्या म्हणजे हिंमतराव, माझे आण्णा.

आता ते काय केलं होतं ते ऐका. वाटणीत आमची दोन घरं शेजारी शेजारी आली. मधे एक बोळ, माणूस आडवा होऊन जाईल एवढाच. मोठीमायच्या खोलीला तीन बाजूंनी दगडी भिंती, डोक्यावर पत्रा, आणि एकच खिडकी, ती ह्या बोळात. मागच्या शेतावरचं वारं बोळातून घुसायचं आणि त्या खिडकीतून आत यायचं. खिडकीला लागून बाज, आणि बाजेवर माझे चुलते, बब्रुवान. मोठेबाबा. त्यांनी अख्खी उमर हायवेच्या खडी मशीनवर घालवलेली. छाती अशी वाजायची की बोळातसुद्धा ऐकू यायची. खिडकीच्या गजांना कपाळ लावून बसायचे, आणि मी बोळातून पळत गेले की गजांमधून भुईमुगाच्या शेंगा द्यायचे. "हळू पळ गं शिवे, माझं वारं नेऊ नको," असं म्हणून हसायचे, मग हसता हसता खोकायचे.

आण्णांना स्लॅबची खोली पाहिजे होती. बोळ वाटणीत आमच्याकडं होता, हे खरं आहे, नाही कोण म्हणतंय? मोठेबाबा आमच्या ओट्यावर आले. भावाच्या घरी यायला त्यांना दोनदा बसावं लागलं. म्हणाले, "हिंमत, बाकी काय बी कर, तेवढी खिडकी सोड रं." आण्णा म्हणाले, "फॅन घ्या की दादा. आता कुणाच्या घरात फॅन न्हाय?" मी तिथंच होते. मी लहान होते, पण बहिरी नव्हते.

भिंत उठली. खिडकीला अगदी चिकटून उठली. तीही चार इंची, एकेरी विटेची, कारण "पलीकडं दादाची दगडी भिंत हायच की". मोठीमायनं खिडकीची दारं उघडली की समोर लाल विटा. पुढच्याच उन्हाळ्यात मोठेबाबा गेले. डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलंच नव्हतं. मोठीमाय म्हणते, "छाती खडीनं खाल्ली आन् श्वास हिंमत्यानं खाल्ला." मी दोघांचंही ऐकलंय. मला मोठीमायचं पटतं.

तेव्हापासून ती बाई सूड घेऊन जगली. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही. रोज सकाळी खिडकीची दारं उघडायची, विटांसमोर ऊद धरायची. धूर सरळ वर जायचा. मग ती मोठ्यानं म्हणायची, "आजबी न्हाय." एक वीट ओलांडून ते आमच्या चहाच्या कपात पडायचं. आण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे. तिचा मुलगा इंद्रजित पुण्याला कंपनीत आहे, दर दिवाळीला न्यायला यायचा. ती म्हणायची, "खिडकी उघडल्याबिगर म्या हे घर सोडत न्हाय. तुझ्या बापाचा श्वास हितं अडकलाय."

आणि दर नवरात्रात तुळजापूर. गर्दीत, पुजारी पुढं सरका म्हणत असताना, पदर पसरून मोठ्यानं मागायची, "आई, हिंमतरावाच्या घरात श्वास कोंडू दे. मंग कळंल त्याला." मागं उभ्या असलेल्या आमच्याच गावच्या बायका. बातमी तिच्या आधी घरी पोचायची. आई रडायची. आण्णा हसायचे, पण मी बघितलंय, त्याच शनिवारी दाराला लिंबू-मिरची लागायची.

माझं लग्न कळंबला झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात गावी आले. पिठाच्या गिरणीत मोठीमाय भेटली. माझ्याशी ती बोलायची, एवढं खरं. पोटाकडं बघितलं आणि विचारलं, "खोली कंची दिलीया तुला?"

"बोळावरची."

तिचं तोंड असं झालं, की मला वाटलं आता शिवी देणार. पण ती म्हणाली, "त्या खोलीत शेगडी ठिवू देऊ नको. तिथं धुराला जायाला जागा न्हाय. मला ठावं हाय, म्या रोज बघती."

मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "तिचं ऐकायचं व्हय? तुझं वाईट चितणारी बाई ती!"

मुलगा झाला, ऐन पौषात. आमच्याकडं बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. सरकत्या खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वरून रजई लावली. दाराखाली पोतं. बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी. आई म्हणायची, आम्ही सगळ्या अशाच बाळंत झालो, कोण मेलं? बरोबर आहे. तुमच्या डोक्यावर सानं होतं. माझ्या डोक्यावर आण्णांचा स्लॅब होता, केसाएवढीही फट नसलेला.

डोकं ठणकायला लागलं. आई म्हणाली, बाळंतिणीला दुखतंच. मळमळायला लागलं. आई म्हणाली, डिंक बाधला असेल. आण्णांनी माया केली आणि मोठी शेगडी आणली.

त्या दिवशी सकाळी न्हाणं झालं, शेक झाला, शेगडी भरून बाजेखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं. लेकरू रडत होतं. त्याला घ्यायला हात उचलावा असं वाटलं, पण हात उचलेना. एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं आईकडून ऐकलेलं आहे, आणि आईनं ते सांगताना काही लपवलं नाही, एवढं तिचं कौतुक.

आई परसात डिंकाचे लाडू वळत होती. आण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. आणि विटेच्या पलीकडं मोठीमाय खिडकीपाशी बसलेली. ती रोज तिथं बसून माझ्या लेकराचं रडणं ऐकायची, हे ती मेली तरी कबूल करणार नाही. लेकरू टाहो फोडत होतं, मग कुरकुरायला लागलं, मग गप्प झालं. मोठीमायनं विटेवर मूठ आपटली. "शिवे! अगं शिवे!" मी काही बोलले नाही. बोलणार कुठून?

ती अनवाणी पळत आमच्या दारात आली. भिंत उठल्यापासून पहिल्यांदा.

"हिंमत्या, दार उघड! शेगडी भाईर काढ! पोरगी बोलंना झालीया!"

आण्णा उठले आणि दारात आडवा हात लावून उभे राहिले. "मागं हो. बाळंतिणीच्या खोलीत तुझी सावली पडू देणार न्हाय म्या. तुळजापूरला काय मागतीस ते समद्या गावाला ठावं हाय."

"मागितलं की! तुझं मागितलं! पोरीचं न्हाय रं मेल्या!"

"वरडू नको, लेकरू झोपलंय. दारातनंच माघारी जा."

मोठीमायनं त्या आडव्या हाताकडं बघितलं आणि वळून गेली. आण्णा पुन्हा पेपर घेऊन बसले. त्यांना वाटलं, जिंकलो.

तिनं घरातली पहार घेतली. खिडकीची दारं उघडली आणि गजांमधून पहार विटांवर घातली. पहिल्या घावाला आण्णा दचकले, दुसऱ्याला उठले. आई लाडवाच्या हातानं पळत आली. आई म्हणते, घाव जास्त जोरात होते का तिचं तोंड, हे सांगता येत नाही. ती आण्णांना शिव्या देत होती, आणि आण्णांना पुरल्या नाहीत म्हणून देवीलाही देत होती. "असा पावतीस व्हय गं! म्या त्याचा मागितला हुता! लेकराचा कवा मागितला? डोळं फुटलं का तुझं?" एक घाव, एक शिवी. चार इंची वीट ती. आण्णांनी काटकसर केलेली. भसाभस आत पडायला लागली.

"म्हातारी येडी झाली, भिंत पाडायली!" असं ओरडत आण्णांनी माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं, तिला अडवायला. आत विटा पडलेल्या, धुरळा उडालेला, आणि एवढ्या दणक्यात मी डोळासुद्धा उघडला नव्हता. तेव्हा त्यांना कळलं.

पलीकडून, गजांच्या आडून, मोठीमाय किंचाळली, "बघतूस काय? लेकरू उचल! आधी लेकरू! मंग तिला! रजई काढ तिकडची!" आणि माझा बाप, ज्यानं आयुष्यात कुणा बाईचं ऐकलं नाही, त्यानं ती सांगेल तसं केलं.

मी अंगणात उलटी करत शुद्धीवर आले. लेकरू आधी निळसर होतं, मग आईच्या मांडीवर टॅहॅ करून रडलं. नळदुर्गच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणखी थोडा वेळ गेला असता तर आम्ही दोघंही नसतो.

एवढं होऊन आण्णांनी गावात काय सांगावं? "भिंत कच्ची हुती, ढासळली." ऐकलंत? माझं डोकं असं फिरलं! बाजेवर पडल्या पडल्या, भेटायला येईल त्या प्रत्येक बाईला मी खरं काय ते सांगितलं. मोठ्यानं, आण्णा ओट्यावर असतानाच. अख्ख्या गावाला कळेपर्यंत मी गप्प बसले नाही.

मोठीमायला भेटायला गेले, पाया पडले. म्हणाले, "तुझ्यामुळं वाचलो." ती म्हणाली, "पहिल्या दोन-चार विटा तुझ्यासाठी. बाकीची भिंत माझीच हुती."

आण्णांनी भोक बुजवायला गवंडी बोलावला. गवंड्यानं थापी काढली आणि बघितलं, तर गजांच्या पलीकडं पहार घेऊन मोठीमाय बसलेली. "एक वीट लाव, हात मोडती." गवंडी थापी घेऊन परत गेला. मग आण्णा साडी, खण, नारळ घेऊन तिच्या दारात गेले. "वहिनी, झालं गेलं इसरा."

"इसरायला म्या मेले का? साडी तुझ्या बायकूला नेसव. मला एक दुपार पायजे."

"कसली दुपार?"

"वैशाखातली. ह्यांच्या बाजंवर बसायचं. खिडकी बंद करून."

आण्णा साडी घेऊन परत आले आणि तो विषय मिटला असं त्यांना वाटलं. तिथं मी मधे पडले. सासरी जाताना सांगितलं, "आण्णा, तुम्ही त्या बाजेवर बसेपर्यंत नातू ह्या घरात येणार नाही." आई म्हणाली, बापाला असं बोलतात का? मी म्हणाले, भावाला तसं बोलतात का?

वैशाखात मी लेकराला घेऊन आले, पण आमच्या घरी गेले नाही. मोठीमायच्या अंगणात, लिंबाखाली बसले. आण्णा आले. मी सासरी गेल्यापासून नातू त्यांच्या नजरेला पडला नव्हता. सरळ आत गेले आणि मोठेबाबांच्या बाजेवर बसले. मोठीमायनं खिडकी लावली, दार लोटलं. म्हणाली, "कडी तुझ्याकडनं हाय. पायजे तवा ऊठ. ह्यांना उठता येत न्हवतं."

पत्रा तापून कडकड वाजत होता. थोड्या वेळानं आतून खोकला ऐकू आला. आई पदराआड रडत होती. मला दया आली का? नाही आली. खोटं कशाला बोलू? मला ते गजांना टेकलेलं कपाळ आठवत होतं.

आण्णा बाहेर आले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लाल. पायरीवर बसले. आई पाणी घेऊन उठली आणि मोठीमायकडं बघून थांबली. मोठीमाय म्हणाली, "दे. ह्यांनाबी म्या पाणी द्यायचेच."

पाणी पिऊन आण्णांनी खाली बघतच विचारलं, "दादा असा किती दिवस बसला, वहिनी?"

"मरंस्तवर."

दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्वतः घण घेतला. गवंडी न लावता, मजूर न लावता, बोळावरची ती अख्खी खोली एकट्यानं पाडायला घेतली. वयानं जमत नव्हतं, पण कुणाला हात लावू दिला नाही. राडारोडा उचलून बोळ मोकळा झाला, त्या सकाळी मोठीमायनं खिडकी उघडली आणि ऊद धरला. शेतावरचं वारं आलं. धूर आत वाकला, खोलीभर फिरला आणि दारातून बाहेर गेला. मी तिच्या शेजारीच उभी होते. रोजचं वाक्य तिनं म्हटलं नाही. रिकाम्या बाजेकडं बघितलं आणि एकदम हंबरडा फोडून रडली, मोठेबाबा गेले तेव्हा रडली नव्हती तशी.

नंतर मी विचारलं, "आता माफ केलंस आण्णांना?"

"न्हाय," ती म्हणाली. "पर आता झोप लागंल."

त्याच दुपारी तिनं माझ्या लेकराला, कृष्णराजला, खिडकीखालच्या बाजेवर झोपवलं. आमच्या घरात तो घामानं किरकिरला होता. इथं पडल्या पडल्या झोपला. पत्रा तापलेलाच होता, पण अंगावरून वारं जात होतं.

दारात सावली पडली. आण्णा. हाताला घणाचे फोड, त्याला चिंधी बांधलेली.

"वहिनी, पोराला बघाया आत येऊ का?"

मोठीमाय उठली. दारापाशी गेली आणि चौकटीला आडवा हात लावला.

"दारातनंच बघ," ती म्हणाली.

आण्णा दारातूनच बघत उभे राहिले.